बेअरिंगच्या ढिल्या घरावर पंचाचा उपाय नको

माननीय संपादक,

जुन्या मोटरसायकलींच्या पुनरुज्जीवनावरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. टाकीचा रंग आणि क्रोमची झळाळी यांना त्यात भरपूर जागा मिळाली, पण गिअरबॉक्सचा विषय ‘झिजलेली बेअरिंग दुरुस्त करून घ्यावीत’ एवढ्यावरच आटोपला. बॉल बेअरिंग दुरुस्त होत नाही. रेसवर, म्हणजे गोळ्या ज्यावर फिरतात त्या पोलादी कड्यावर, एकदा खड्डे पडले की ते बदलावेच लागते. दुरुस्ती करायची असते ती ते ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या घरात बसते त्या घराची, आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते.

माझ्याकडे आलेल्या एका गिअरबॉक्सचे घर ढिले झाले म्हणून कोणा कारागिराने छिद्राच्या आतल्या बाजूने पंच या टोकदार हत्याराने ठिपके मारून बेअरिंग घट्ट केले होते. केस, म्हणजे गिअरबॉक्सचे बाहेरचे कवच, उघडली तेव्हा ठिपक्यांची टोके चपटी झालेली, बाहेरच्या रेसने घरात फिरून धातू खाल्लेला, तेल चंदेरी, आणि शाफ्ट कलल्यामुळे गिअरचे दात एकाच कडेने घासलेले आढळले. अशा वेळी छिद्र यंत्रावर मोठे करून त्यात स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, बसवणे हाच खरा उपाय. ढिलेपणा अगदी किरकोळ असेल तर रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे भाग जागी घट्ट धरणारे चिकट द्रव्य, तेही चालते.

बेअरिंग काढताना हातोड्याचा मोहही तसाच. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे 52 मिलिमीटरचे घर बेअरिंगसकट 80 अंश सेल्सिअसने अधिक तापवले, तर दोहोंमध्ये 0.04 ते 0.05 मिलिमीटरचा फरक पडतो आणि बरेचदा केस लाकडावर हलकेच आपटताच बेअरिंग खाली गळून पडते. मात्र ज्योत एकाच जागी धरू नये, केस वाकते, ओव्हन बरा. नवे बेअरिंग घरात बसवताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर द्यावा. आतल्या रेसवर दिला, तर तो गोळ्यांमधून जाऊन रेसवर खळगे पाडतो, आणि कोरे बेअरिंग पहिल्याच फेरीला गुणगुणू लागते.

खरेदीपूर्वी रेसवरचा क्रमांक वाचावा आणि मापही घ्यावे. 6205 म्हणजे आतला व्यास 25, बाहेरचा 52 आणि रुंदी 15 मिलिमीटर. पण अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत इंची मापाची बेअरिंग असतात, तिथे ‘जवळपास तेवढेच’ चालत नाही.

पुढच्या लेखात टाकीऐवजी उघड्या केसचे एखादे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक