हरिपूरची दोन-चार पेवे तरी राखा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन येतो आणि सांगलीचे नाव आदराने घेतले जाते. 1843 साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ रंगवले, याचा आम्हा सांगलीकरांना अभिमान आहेच. पण हे नाटकाचे गाव पहिल्यापासून बाजाराचेही गाव आहे, आणि त्या बाजाराची सर्वांत मोठी खूण, म्हणजे हळद साठवायची हरिपूरची जमिनीखालची पेवे, आमच्या डोळ्यांदेखत बुजत चालली आहे. म्हणून हे पत्र.

1801 मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन चिंतामणरावांनी सांगलीला गादी आणली, तेव्हा हे कृष्णाकाठचे लहानसे खेडे होते. पुढे गणेशदुर्ग झाला, गणपतीचे देऊळ झाले, पेठा वसल्या. गूळ, शेंगा आणि मुख्य म्हणजे हळद यांच्या व्यापारावर शहर वाढले. आमचे बालपण गणपती पेठेत गेले. हंगामात आमचे शाळेचे सदरे पिवळे पडत आणि आई ते उन्हात वाळत घाली, कारण हळदीचा डाग उन्हानेच उडतो. अडते, तोलाईदार, हमाल, पोती शिवणाऱ्या बायका अशी किती घरे त्या एका पिकावर चालत! हळदीचा वायदेबाजारही इथे चाले.

एवढा माल ठेवायचा कुठे? त्याचे उत्तर शहराला लागून असलेल्या हरिपुरात होते. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे, संगमेश्वराचे हे गाव. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच. या गावच्या जमिनीत काळ्या मातीखाली अशी घट्ट, चिकट माती लागते की पाणी आत झिरपत नाही. तिथे माणूस जेमतेम उतरेल एवढ्या तोंडाचे आणि आत पोटासारखे फुगत गेलेले खोल पेव खणायचे. तळाला आणि कडेला वाळलेल्या पाल्याचा जाड थर द्यायचा, हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. आतली हवा संपली की कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षे तशीच राही आणि रंगही धरी, असे जुने व्यापारी खात्रीने सांगत. भाव पडला म्हणून माल कवडीमोलाने विकायची वेळ येत नसे. विजेचा एक दिवा न लावता चालणारे हे कोठार होते.

पेव उघडणे मात्र जोखमीचे काम. तोंड मोकळे करून आधी आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची, मग कंदील दोरीने खाली सोडायचा. तो विझला तर कुणीही उतरायचे नाही. लहानपणी वडिलांचा हात धरून काठावर उभा राहून मी तो कंदील खाली जाताना पाहिला आहे. सगळे एकदम गप्प होत. ‘अमक्याचे पेव फुटले’ असे आपण बोलताना सहज म्हणतो, पण खरे पेव पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.

2005 च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले. हळद कुजली, व्यापारी खचले. त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा पुन्हा पेव भरण्याची आशाही कुणी धरली नसावी. नदीकाठी जमिनीखाली माल ठेवण्याचा हट्ट आज कुणी करणार नाही, आणि करूही नये. हळदीचे पीकही आता हिंगोली-वसमतकडे मोठ्या प्रमाणात होते, आमच्या जिल्ह्यात ऊस आणि द्राक्षे आहेत. हे सगळे मला मान्य आहे.

पण 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते नाव आपण पाकिटांवर छापतो, आणि ते नाव ज्यांनी मोठे केले ती पेवे मात्र भराव टाकून मुजवतो. हे मनाला पटत नाही. हरिपूर ग्रामपंचायत, बाजार समिती आणि महापालिका यांनी मिळून दोन-चार चांगली पेवे निवडावीत, तोंडावर मजबूत जाळी बसवून आत प्रकाशाची सोय करावी, शेजारी मराठीत नीट फलक लावावा. श्रावणी सोमवारी संगमेश्वराला येणारी मुले ती पाहतील. जागामालकांना योग्य मोबदला द्यावा, त्यांच्यावर नुसती वारशाची जबाबदारी लादू नये.

त्याहून घाईचे काम वेगळे आहे. पेव कुठे खणायचे हे माती हातात घेऊन सांगणारे आणि तोंड लिंपणारे जे गडी आज हयात आहेत, ते सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांचे बोलणे आणि त्यांच्या हातांचे काम चित्रित करून ठेवायला कोणतीही मोठी योजना लागत नाही. इथल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी ठरवले तर ते या सुट्टीतही होईल. अशा दोन-तीन जणांची घरे मला ठाऊक आहेत. कुणी येणार असेल तर मी स्वतः सोबत जाईन.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सांगली