‘मीठ चवीनुसार’ नको, ग्रॅममध्ये छापा

महोदय,

आपल्या पुरवणीतल्या पाककृतींत पोह्यांना वाटीचे माप असते, दाण्यांना असते, हिंगालासुद्धा ‘चिमूटभर’ मिळते. एकट्या मिठापुढे मात्र वर्षानुवर्षे ‘चवीनुसार’ छापून येते. २९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन जवळ आला की त्याच पुरवणीत हृदय जपण्याचे सल्ले येतात आणि ‘मीठ कमी खा’ ही ओळ त्यांत हमखास असते. किती कमी, हे वाचकाने ओळखायचे! पाककृतींत मीठ ग्रॅममध्ये द्यावे, एवढीच आमची मागणी आहे. ती किरकोळ वाटू नये म्हणून हिशेब मांडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजेच २ ग्रॅमहून कमी सोडियम अशी आहे. ५ मिलीचा मापाचा चमचा बारीक मिठाने सपाट भरला, तर त्यातच सुमारे ६ ग्रॅम मीठ बसते. आपल्या देशात झालेल्या पाहण्यांत रोजची सरासरी ८ ते ११ ग्रॅम निघाली आहे. जादा सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांवर ताण येतो आणि रक्तदाब चढतो. रोजचे मीठ ४ ते ५ ग्रॅमने उतरवले तर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५ ने खाली येतो. हे ५ अंक क्षुल्लक नाहीत. औषधांच्या चाचण्यांत एवढ्याच घटीने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांसारख्या घटना साधारण १० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसतात.

घरात मीठ किती खपते ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. एक किलोचा पुडा फोडाल त्या दिवसाची तारीख त्यावर पेनाने लिहा. चौघांच्या घरात माणशी ५ ग्रॅमने दिवसाला २० ग्रॅम होतात, म्हणजे पुडा ५० दिवस पुरायला हवा. तो महिन्यात संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज आठ ग्रॅमहून अधिक जाते आहे, आणि यात बाहेरचे फरसाण, पाव, पापड धरलेलेच नाहीत. ते धरून मर्यादेत राहायचे तर घरचे मीठ माणशी ३ ग्रॅमवर आणावे लागते. मग पुडा पावणेतीन महिने चालतो. लोणची, कुरडया घालण्याच्या दिवसांत हा हिशेब अर्थातच चुकतो. ते मीठ वेगळ्या पुड्यातून काढावे.

अमलात आणायची सोपी युक्ती म्हणजे सकाळीच चौघांचे १२ ग्रॅम, म्हणजे सपाट दोन लहान चमचे मीठ वाटीत काढून बरणी वर ठेवून द्यायची. पोह्यांना किंवा उपम्याला अर्धा चमचा, भाजीला अर्धा, आमटीला अर्धा आणि उरलेला अर्धा रात्रीसाठी. भात आणि पोळीची कणीक यांना मीठ लागत नाही. भाजीत ते शेवटी घालावे आणि चव आमसूल, लिंबू, कैरी, लसूण, ओले खोबरे यांच्यावर सोडावी. एकदम निम्मे केले की जेवण अळणी लागते आणि चार दिवसांत बरणी पुन्हा खाली येते. दर आठवड्याला थोडे थोडे उतरवले तर जीभ महिना-दीड महिन्यात रुळते. आणि पानात डाव्या हाताला लिंबाशेजारी मीठ वाढायची आपली रीत सणावारापुरती राहू द्यावी.

जिभेला न कळणारे सोडियम हा या प्रकरणातला खरा चोर आहे. पापडखार आणि खाण्याचा सोडा खारट लागत नाहीत, पण लहान चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असते, म्हणजे तीन ग्रॅम मिठात असते तेवढे. जळजळीवरची फसफसणारी पावडर रोज घेणाऱ्यांनी याच हिशेबात पाहावे. पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेले असते. त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा निघतो. सोडियम ८०० असेल तर १०० ग्रॅम शेवेत २ ग्रॅम मीठ झाले. ६०० च्या वरचा पदार्थ रोजच्या डब्यात नसावा.

सैंधवाविषयीचा गैरसमज फार चिवट आहे. सैंधवही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे रक्तदाबाला त्याचा वेगळा लाभ नाही. शिवाय आयोडीनयुक्त मिठातले आयोडीन त्यात नसते. कमी सोडियमचे मीठ ही वेगळी गोष्ट. त्यात साधारण चौथा हिस्सा किंवा जास्त पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनमधल्या ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे किंवा जे रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये. उलट, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवरच्या काही वृद्धांचे सोडियम मुळातच खाली गेलेले असते. त्यांनी आपल्या मनाने मीठ तोडू नये.

मीठ उतरवल्याचा उपयोग झाला का, हे दंडावर पट्टा बांधून, रक्तदाब मोजून पाहावे, पण नीट. शिबिरांत रांगेतून आलेल्याला उभ्या-उभ्या, बाहीवरून पट्टा गुंडाळून मोजतात, तो आकडा आमच्या मते कागदावर लिहिण्याच्याही लायकीचा नसतो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटे वर पट्टा बांधून हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा. हात १० सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा ७-८ ने फुगतो. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरहून जास्त असेल तर मोठा पट्टा लागतो, आखूड पट्टा रक्तदाब जास्त दाखवतो. सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तो उच्च रक्तदाब. मीठ बदलण्याआधी एकदा आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा असा आठवडा मोजला की फरक वहीतच दिसेल. आकडा उतरला म्हणून गोळी आपणहून बंद करू नये. तो पुष्कळदा गोळीमुळेच उतरलेला असतो. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणे, धाप किंवा एका बाजूची शक्ती जाणे असेल तर फेरमोजणीत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

पाककृतीपुरते बोलायचे तर आपल्याला जागाही जास्त लागणार नाही. ‘मीठ चवीनुसार’च्या ठिकाणी ‘मीठ ३ ग्रॅम, सपाट अर्धा लहान चमचा, चौघांसाठी’ एवढे छापावे. पाककृती पाठवणाऱ्यांकडूनही तसेच मोजून मागवावे. बहुतेकांना आपण किती घालतो हे तेव्हाच पहिल्यांदा कळेल.

— दोन डॉक्टर व एक आहारतज्ज्ञ, सातारा