कपाटातला मायक्रोस्कोप मुलांच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी ३१ वर्षे प्रयोगशाळा परिचर होतो. शिकवणं माझं काम नव्हतं. काचसामान धुणं, स्लाइड तयार करणं, जीवशास्त्राच्या तासाआधी मायक्रोस्कोप खिडकीशी मांडून ठेवणं, हे माझं काम. पण नळीला डोळा लावलेल्या मुलाचा चेहरा सरांच्याही आधी मला दिसायचा. त्या अनुभवावर हे पत्र लिहितो आहे.

माझी नात आठवीत आहे. चाचणीच्या आदल्या रात्री ती म्हणत होती, ‘पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था, सजीव.’ एका दमात, तेराचा पाढा म्हणावा तसं. मी विचारलं, “पेशी दिसते कशी गं?” म्हणाली, “चौकोनी. मधोमध गोल केंद्रक.” “तू पाहिलीस?” “सरांनी स्क्रीनवर दाखवली ना, आजोबा.” तिच्या शाळेत जाऊन मी चौकशी केली. मायक्रोस्कोप आहेत, पण कुलूपबंद कपाटात. मुलं भिंगं फोडतात, जबाबदारी कोण घेणार, असं उत्तर मिळालं. मला फार वाईट वाटलं.

जुन्या शाळेतून रविवारपुरता एक मायक्रोस्कोप मागून आणला आणि नातीला म्हटलं, घरातला कांदा आण. कांद्याची एक मांसल पाकळी मोडली की आतल्या खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने अलगद निघतो. तो लगेच पाण्यात टाकायचा, नाहीतर गुंडाळी होते. काचेवर पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा, वर आयोडीनचा एक थेंब. कव्हर स्लिप तिरकी टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची, एकदम टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचा गोल बुडबुडा पाहून “दिसली, पेशी दिसली” म्हणून ओरडणारी मुलं मी दरवर्षी पाहिली आहेत. नातही तशीच ओरडली. मग स्लाइड जरा सरकवली आणि ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आजोबा, या तर विटांसारख्या लांब आहेत. आणि केंद्रक मध्ये नाही, कडेला आहे.”

बरोबर होतं तिचं. कांद्याच्या पेशीत मधली बहुतेक जागा रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते, त्यामुळे केंद्रक बऱ्याचदा भिंतीशी लोटलेलं दिसतं. पाठ केलेलं वाक्य आणि डोळ्यांना दिसलेली गोष्ट यांतला फरक तिला त्या पाच मिनिटांत कळला.

तिचा पाढाही मग त्याच कांद्यावर मोडून दाखवला. विटेसारखी एक ती पेशी. तशाच पेशी एकीला एक लागून पसरल्या, की तो पापुद्रा म्हणजे ऊती. पाकळी म्हणजे खरं तर पानाचा अन्न साठवून फुगलेला बुडखा, म्हणजे पान हा अवयव. कांदा मूळ आहे असं नववी-दहावीची मुलंही सांगतात. प्रत्यक्षात मुळं खाली लोंबतात ती, आणि त्यांच्यावर जी चपटी चकती आपण कापून टाकतो ते खोड. पात, चकती, मुळं मिळून झाला एक सजीव. हे सगळं भाजीच्या टोपलीतल्या एका कांद्यात आहे.

मग तिने विचारलं, “पुस्तकातल्या चित्रात हिरवे ठिपके आहेत, ते कुठे गेले?” हा प्रश्न स्क्रीनसमोर बसून कधी पडला नसता. मातीतल्या, उजेड न लागणाऱ्या पाकळीत हरितलवकं, म्हणजे ते हिरवे दाणे, नसतात. ती पाहायची तर हायड्रिलाचं पान घ्यावं. आमच्या तलावात ते भरपूर असतं. त्याचं पान इतकं पातळ की कापावंही लागत नाही, आणि नशिबाने साथ दिली तर हिरवे दाणे पेशीत भिंतीच्या कडेने फिरताना दिसतात. पेशी जिवंत असते हे मला कुठल्याही धड्याने नव्हे, त्या फिरणाऱ्या दाण्यांनी पटवलं. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. श्लायडेन १८३८, श्वान १८३९, विरशॉ १८५५ ही पेशी सिद्धांत मांडणाऱ्यांची सनावळी मुलं तक्त्यातून पाठ करतात, पण ही सारी माणसं तासन्‌तास नळीत डोकावून बसलेली होती, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आणखी एक सांगतो. तो पाढा सगळ्या सजीवांना लागूही पडत नाही. वाळलं गवत डबक्याच्या पाण्यात काही दिवस भिजवून ठेवलं की त्या थेंबात पॅरामेशियम पळताना दिसतो. त्याला ना ऊती, ना अवयव. खाणं, फिरणं, वाढणं, दुसरा जीव करणं, सगळं एकाच पेशीत.

वर्गीकरणाचंही तेच. आमच्याकडच्या मुलांच्या वावरात पऱ्हाटी उभी असते, बांधावर भेंडी, अंगणात जास्वंद. तिन्हींची फुलं शेजारी शेजारी ठेवून उभी चिरा. तिन्हींत पुंकेसरांची नळी आणि तिच्यामधून गेलेला कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा देठ, सारखाच दिसतो. वनस्पतींचं कुल, म्हणजे एकसारख्या वनस्पतींचं घराणं, म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही. शिवाय पानावरचा डाग बुरशीचा, जिवाणूचा की मॅग्नेशियमच्या कमतरतेचा, एवढं ओळखता आलं तर कृषी केंद्रातून नको ते औषध आणायची वेळ टळते. हीच मुलं उद्या शेती करणार आहेत.

भिंग फुटायची भीती मला समजते. ती जबाबदारी मी ३१ वर्षे सांभाळली. आधी बाजूने बघत भिंग खाली आणायचं आणि मग नळीत बघून वर घ्यायचं, एवढं शिकवलं की काच फुटत नाही. उलट बंद कपाटात, पावसाळ्याच्या दमटपणात भिंगावर बुरशी चढते आणि न वापरताच उपकरण वाया जातं.

माझी शाळांना कळकळीची विनंती आहे. पेशीचा धडा सुरू करण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला दहा मिनिटं मायक्रोस्कोपशी बसू द्या. व्याख्या नंतर लिहून द्या. आमच्या तालुक्यातल्या ज्या शाळेला भिंगं साफ करून हवी असतील, स्लाइड लावायला माणूस हवा असेल, तिथे मी विनामोबदला येईन. कांदा, चिमटा आणि आयोडीनची बाटली माझ्या पिशवीत असेल.

– एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, जि. यवतमाळ