मुक्या माराची दाद: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: स्नायूंच्या दुखापतीनंतर तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपी मिळण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि गेली अकरा वर्षे घर ते वाचनालय हे सहा किलोमीटरचे अंतर सायकलने जाते-येते. गेल्या पावसाळ्यात गटाराच्या एका जाळीत, जिचे गज रस्त्याला आडवे न बसवता रस्त्याच्याच दिशेने बसवलेले होते, माझे पुढचे चाक अडकले आणि पडता पडता हँडलचे टोक उजव्या मांडीवर आदळले. रक्त आले नाही, हाड मोडले नाही. आपण ज्याला मुका मार म्हणतो, तो हा. या माराची दाद कुठेच लागत नाही, हे मला पुढच्या साडेचार महिन्यांत कळले.

जवळच्या शासकीय रुग्णालयात त्याच दिवशी एक्स-रे काढला गेला. ‘हाड शाबूत आहे’ असे सांगून मला वेदनाशामक गोळ्या आणि आराम करण्याचा सल्ला देण्यात आला. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या दारापुढची रांग मी पाहिली होती. पण एक्स-रेमध्ये हाड दिसते, स्नायू दिसत नाही, आणि माझे जे बिघडले होते ते स्नायूतच होते. आराम म्हणजे किती दिवस, गुडघा केव्हा वाकवायला लागायचे, काय टाळायचे, यातले केसपेपरवर काहीच नव्हते. जे केसपेपरवर नव्हते ते शेजारपाजारच्यांनी भरून काढले. गरम तेलाने रगडून चोळले की साकळलेले रक्त मोकळे होते, असे मला चार जणींनी आपुलकीने सांगितले आणि मी दोन दिवस चोळून घेतले. तिसऱ्या दिवशी मांडी लाकडासारखी टणक झाली, गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली आणि गुडघा वाकेनासा झाला.

पुढे एका फिजिओथेरपिस्टकडून कळले ते असे. अशा अपघातात मांडीच्या पुढच्या बाजूचा चार स्नायूंचा जाड गट हँडल आणि मांडीचे हाड यांच्यामध्ये चेचला जातो आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. पहिल्या काही दिवसांत जोराने चोळले किंवा शेक दिला तर थांबत आलेला रक्तस्राव पुन्हा वाढू शकतो आणि काही रुग्णांत काही आठवड्यांनी स्नायूच्या आत चक्क हाड तयार होऊ लागते. माझ्या बाबतीत तेवढे झाले नाही. सोनोग्राफीत रक्ताची मोठी गाठ तेवढी दिसली. उलट बाजूनेही चूक होते. भीतीपोटी पाय सरळ ठेवून आठवडेच्या आठवडे पडून राहिले तर स्नायू झपाट्याने रोडावतो आणि भरून येणारा भाग आखडतो. स्नायू स्वतःची दुरुस्ती स्वतः करतो, त्यासाठी लागणाऱ्या पेशी त्याच्यातच असतात. मात्र नव्याने जुळणारे धागे योग्य दिशेने बसायचे तर त्यांच्यावर मोजका आणि हळूहळू वाढत जाणारा ताण पडावा लागतो. कोणत्या आठवड्यात किती ताण, हे रुग्णाला स्वतःला ठरवता येत नाही. फिजिओथेरपिस्टची गरज लागते ती इथे.

ती सेवा मला मिळाली जिल्ह्याच्या ठिकाणी, बेचाळीस किलोमीटरवर, आठवड्यातून तीनदा. महिलांना एस.टी.चे तिकीट 2023 पासून निम्मे झाले आहे, त्याबद्दल शासनाचे आभार. पण न वाकणारा गुडघा घेऊन एस.टी.ची पहिली पायरी चढणे हा त्या दिवसांतला माझा सर्वांत अवघड व्यायाम होता. पहिल्या भेटीत कोनमापक लावून मोजले तेव्हा गुडघा 65 अंश वाकत होता. सायकलचे पॅडल फिरवायला साधारण 110 अंश लागतात आणि उकिडवे बसायला त्याहून बरेच अधिक. माझ्या उपचारात एकही महागडे यंत्र नव्हते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, टाच अंथरुणावरून घसरवत जवळ आणायची, पाय सरळ उचलून धरायचा, आणि महिनाभराने एका जागी उभी असलेली सायकल वजनाशिवाय चालवायची. दर भेटीत कोन मोजला जाई, दुखण्याचा अंदाज घेतला जाई आणि पुढची पायरी ठरे. प्रवास आणि बुडालेले दिवस धरले तर एवढ्या साध्या उपचारासाठी माझा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार गेला. वाचनालयाच्या समितीने रजा दिली म्हणून नोकरी टिकली. रोजंदारीवरच्या माणसाने दुसऱ्या भेटीनंतर येणे बंद केले असते.

महोदय, आपल्या विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. परंतु जी सेवा त्या इमारतीत उपलब्धच नाही, ती निःशुल्क असून रुग्णाला उपयोग नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल करून करायच्या उपचारांवर आहे. मुका मार लागलेल्याला कोणी दाखल करून घेत नाही. रस्ते अपघातग्रस्तांसाठी केंद्राने 2025 मध्ये आणलेली दीड लाख रुपयांपर्यंतची रोकडरहित उपचार योजना मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातांसाठी आहे. मला ट्रकने उडवले असते तर मी तिच्यात बसले असते. जाळीने पाडले, म्हणून बसले नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम आपल्या नजरेस आणते. मानव विकास कार्यक्रमातून शासन शाळकरी मुलींना सायकली देते. या योजनेची मी मनापासून चाहती आहे. अशा सायकलींवरून येणाऱ्या मुली आमच्या वाचनालयात रोज दिसतात. त्यांतली एखादी पडली आणि हाड शाबूत निघाले, तर तिच्याही मांडीला गरम तेलच लागणार आहे.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट नेमणे आज शक्य नसेल, तर आठवड्यातले दोन ठरलेले दिवस जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट तालुक्याला यावेत आणि ते दिवस रुग्णालयाच्या दारावर ठळक लिहिलेले असावेत. केवळ या उपचाराने ज्यांचे भागते, त्यांना जिल्ह्याला धाडू नये.

आणि हे होईपर्यंत, एक्स-रे पाहून घरी पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हातात मराठीत छापलेले एक पान द्यावे. पहिले काही दिवस चोळू नका आणि शेकू नका, हे त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत असावे. दुखणे गोळीने न थांबता वाढतच गेले, अवयव ताठर होऊन बोटे बधिर पडली किंवा लघवीचा रंग काळपट झाला, तर सकाळची वाट न पाहता परत या, हेही असावे. खाली चार व्यायामांची चित्रे आणि फिजिओथेरपीचे दिवस. माझा गुडघा आता 130 अंश वाकतो, सायकल पुन्हा सुरू झाली आहे, फक्त उकिडवे बसता येत नाही. आपल्या विभागातील तज्ज्ञांनी वैद्यकीय मजकूर ठरवून दिला, तर तो गावाकडच्या माणसाला एका वाचनात समजेल अशा मराठीत लिहून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. आपल्या कार्यालयाकडून उत्तराची अपेक्षा आहे.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या वाचनालयातील एक ग्रंथपाल