आधी विचारतात, पोरगी कोण?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेले पंधरा दिवस तुमच्या वाचकांच्या पत्रांत धर्मांतरावरून जे काय चाललंय ते रोज वाचतोय. एक जण लिहितो आमिष दाखवतात, दुसरा लिहितो घटनेच्या 25 व्या कलमानं अधिकार दिलाय, आणि दोघांनाही असा माणूस समोर बसून बोललेला बहुतेक भेटलेला नसावा. मला भेटलाय, म्हणून हे पत्र. नाव छापू नका, धंद्याचा प्रश्न आहे.

मी कसबा बावडा रोडला कोर्टाबाहेर टायपिंग करतो, 26 वर्षं झाली, आधी टाइपरायटर होता आता कॉम्प्युटर आणि एक खोकणारा प्रिंटर. उत्पन्नाचं, गॅपचं, नावात बदलाचं, वारसाचं, सगळी प्रतिज्ञापत्रं माझ्या हाताखालून जातात. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा आला, तिशी ओलांडलेला, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर, हातावर भाजल्याचे डाग. म्हणाला नावात बदलाचा फॉर्म कसा भरतात. मी म्हटलं जुनं नाव सांग, नवीन सांग. नवीन काय सांगेना. चहा पिऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. आठ दिवसांनी परत आला तेव्हा हळूच सांगितलं की इस्लाम स्वीकारायचा विचार चाललाय, दोन वर्षं झाली, आणि मी पहिलं काय विचारलं असेल, "पोरगी कोण?" तसाच उठून निघून गेला. पोरगी कोणी नव्हती. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी आधी माफी मागितली मग खुर्ची दिली. (हे सगळं त्याला विचारूनच लिहितोय.)

तो म्हणाला, "काका, कलमा म्हणायला एक मिनिट लागतंय, त्याचं काय न्हाई. पुढचं सांगणारा कोण भेटंना." (कलमा म्हणजे इस्लाम स्वीकारताना म्हणायचं श्रद्धेचं वाक्य.) जवळच्या माणसांना विचारावं तर घरात भांडण, मशिदीत विचारावं तर भीती, कुणी बघितलं तर व्हॉट्सअॅपवर फोटो फिरेल. जून 2023 ला एका स्टेटसवरून आपल्या गावात दंगल झाली, इंटरनेट बंद पडलं, आणि 14 जुलै 2024 ला विशाळगडाजवळ गजापुरात मुसलमानांच्या घरांवर, मशिदीवर हल्ला झाला ते सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं ही भीती उगीच नव्हे. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग शाहू महाराजांच्या काळातलं, 1906 चं, त्याच्यासमोरून हा रोज गाडीवरून जातो पण आत जाऊन दोन शब्द विचारायचं धाडस होत नाही म्हणाला. आणि गंमत बघा, बाबूजमाल दर्ग्यातल्या मोहरमच्या पंजाला लहानपणी ह्याला आईनंच खांद्यावर बसवून नेलेलं.

आता त्याचे प्रश्न. पहिला नावाचा. कुणीतरी एजंट गाठलेला, तो म्हणाला पंधरा हजार द्या, सगळ्या कागदांवर धर्म बदलून देतो. मला हसू आलं आणि रागही आला. कुठल्या कागदांवर बाबा? आधारवर धर्माचा रकानाच नाही, पॅनवर नाही, पासपोर्टवर नाही. धर्म आणि जात असते ती शाळेच्या दाखल्यावर, आणि तो दाखला पंधरा हजारात कुणी बदलत नाही. राजपत्रात नावातला बदल आणि धर्मातला बदल ह्या दोन वेगळ्या जाहिराती आहेत, सरकारी मुद्रणालयाच्या साइटवर स्वतः भरता येतात. आणि मुळात नाव बदललंच पाहिजे असं नसतंय, त्याला एका हाफिजसाबांनी, म्हणजे कुरआन तोंडपाठ असलेल्या मौलवींनी (शेवटी गेला एकदा हिय्या करून) सांगितलं की नावाचा अर्थ वाईट नसेल, दुसऱ्या देवाचं बंदेपण सांगणारा नसेल तर आहे तेच चालतंय. ह्याच्या नावाचा अर्थ नुसता 'चांगला' असा होतो. म्हणजे दोन वर्षं ज्याची काळजी केली ते करायचंच नव्हतं.

सुंतेचा प्रश्न इतक्या हळू विचारला की मला प्रिंटर बंद करावा लागला. मला त्यातलं काय कळणार, पण त्यानं विचारून घेतलेलं, मुसलमानांतल्या हनफी पंथाचे लोक सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत मानतात, शाफई पंथाचे वाजिब म्हणजे सक्तीची मानतात, आणि कलमा कबूल व्हायला ती अट नाही. करायचीच झाली तर मोठ्या माणसाची डॉक्टरकडं रीतसर करायची आणि भट्टीवरच्या माणसानं सुट्टी काढायची. सुट्टीच्या अर्जावर कारण काय लिहायचं म्हणून विचारत होता. मी म्हटलं घरगुती लिही, सगळे तेच लिहितात.

कामाचं खरं अवघड होतं. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची नमाज दीडच्या आसपास आणि ह्याचा जेवणाचा ब्रेक साडेबाराला. रोजे त्याहून अवघड, फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ओतायचं आणि मार्चात आपल्याकडं जवळजवळ तेरा तास पाण्याचा थेंब नाही. दरवर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो म्हणजे थोड्या वर्षांत हिवाळ्यात येईल हे त्यानं कॅलेंडरवर पेननं मांडून दाखवलं, मला कौतुक वाटलं. त्याच्या लाइनवर दोन मुसलमान कामगार आहेत, पंधरा-वीस वर्षं रोजे करत्यात, त्यांना ह्यानं सहज म्हणून विचारलं तर म्हणाले आम्ही त्या महिन्यात रात्रपाळी मागून घेतो, आजारी माणसाला आणि प्रवासातल्याला सूट आहे, राहिलेले नंतर भरून काढायचे. इतकं साधं उत्तर. पण ते विचारायला त्याला सहा महिने लागले.

मग जमीन. करवीर तालुक्यात वडलांची तीस गुंठे, ऊस आहे, वडील वारले, सातबाऱ्यावर आई आणि दोघं भाऊ. थोरल्याला कुणकुण लागली तसं तो म्हणाला तू तिकडं गेलास की तुझा वाटा गेला. इथं मात्र मी त्याला ओळखीच्या वकिलांकडं घेऊन गेलो कारण टायपिस्टनं वकिली करू नये. वकिलांनी सांगितलं की वाटा जात नाही, 1850 च्या इंग्रजांच्या कायद्यापासून धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही. पण 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 26 आहे, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या, म्हणजे आजीच्या, चुलत्याच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, वारसा उघडायच्या वेळी ती मुलं हिंदू असतील तरच. ह्याचं अजून लग्नच नाही, त्यानं मान हलवली.

पुढचं ऐकून मात्र गप्प झाला. तू मुसलमान म्हणून वारलास तर तुझ्या मालमत्तेला मुस्लिम कायदा लागणार आणि त्यात बिगरमुस्लिम आई वारस होत नाही. म्हणाला, "म्हणजे माझं आईला काहीच मिळणार न्हाई?" वकील म्हणाले मृत्युपत्रानं एक तृतीयांशपर्यंत देता येतंय, नाहीतर जिवंतपणीच बक्षीस दे, त्याला हिबा म्हणतात, त्याला मर्यादा नाही. आणि बँकेत नॉमिनी लावलं म्हणजे झालं असं समजू नको, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आमच्यातल्या किती जणांना हे नॉमिनीचं माहीत असतंय, धर्म बदला नाहीतर नका बदलू?

अनुसूचित जातीतल्या माणसानं तर दहादा विचारून पाऊल टाकावं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले, मुसलमान आणि ख्रिश्चन नाहीत. कलमा म्हटला की दाखला संपला. ज्या कोल्हापूर संस्थानात 26 जुलै 1902 ला मागासांसाठी निम्म्या सरकारी जागा राखीव झाल्या तिथल्या पोरापोरींना हे नोकरीचा अर्ज भरताना कळू नये, आधी कळावं. चूक-बरोबर काय असेल ते असो.

लग्नासाठी येणारेही असतात, नाही म्हणत नाही. त्यांना मी सांगतो की 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, तीस दिवसांची नोटीस द्या, दोघांपैकी कुणीच धर्म बदलायला नको. आणि पहिली बायको घरात ठेवून दुसरीसाठी मुसलमान व्हायला निघालेले एक-दोन महाभागही बघितलेत, त्यांना मी कागदाला हातच लावत नाही, सुप्रीम कोर्टानं 1995 लाच सरला मुद्गल केसमध्ये सांगितलंय की असं केलं तर पहिलं लग्न मोडत नाही आणि दुसरं टिकत नाही. असल्यांमुळंच खऱ्या माणसालाही पहिला प्रश्न पोरगीचा पडतो.

कायद्याचंही स्थिर नाही. उत्तर प्रदेशात 60 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतंय, आपल्याकडं फेब्रुवारी 2025 ला असल्या कायद्यासाठी समिती नेमली गेली होती, त्यामुळं सही करायच्या दिवशी कुठला नियम लागू आहे ते वकिलाकडून बघूनच सही कर असं त्याला सांगितलंय.

पण हे सगळं कागदाचं झालं. त्याची झोप उडवली होती ती स्वयंपाकघरानं. रविवारी आई तांबडा-पांढरा करते, मटण ठरलेल्या खाटकाकडनं येतं, आता काय सांगायचं? उपास आहे म्हणायचं? चैत्रात जोतिबाला घरचे सगळे जातात, पाडव्याला गुढी हाच उभारतो कारण थोरला कमरेनं अधू, काठीला साडी नेसवायला आई खाली उभी राहून सांगत असते अजून वर घे, अजून वर घे. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले आणि मी उगीच प्रिंटरमधला कागद सरळ करत बसलो. हाफिजसाबांनी त्याला कुरआनातली सूरह लुकमान सांगितली, 31 व्या सूरहमधली पंधरावी आयत, की आईबापांनी शिर्क, म्हणजे अल्लाहबरोबर दुसऱ्या कुणाची भक्ती करायला लावलं तर ऐकू नको पण ह्या जगात त्यांच्याशी चांगलं वाग. आणि म्हणाले घाई करू नको, आधी आईशी बोल. म्हणजे त्यांनीच परत घरी पाठवला. तुमच्या पत्रलेखकांना हे पटणार नाही, पण झालं असं.

एक प्रश्न राहिला त्याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. म्हणाला, काका, मी उद्या मेलो तर मला कुठं नेतील? घरचे पंचगंगेवर नेणार, महापालिका फुकट करते, शेणीसुद्धा लोक दान देतात, आणि मशिदीतले चार जण म्हणणार कब्रस्तानात न्या, आणि माझ्या मढ्यावरून दारात भांडण. मी म्हटलं ह्याचं प्रतिज्ञापत्र नसतंय बाबा, आणि केलं तरी मयताच्या दिवशी फाइल कोण उघडतंय. घरच्यांना जिवंतपणी तोंडानं सांगून ठेवायचं तेवढंच.

संपादक साहेब, तुमच्याकडं आठवड्याला कायद्याचं सदर असतं, त्यात घर खरेदी, सोसायटी, घटस्फोट सगळं येतं. ह्यावरही एकदा येऊ दे, कुणाची बाजू न घेता. विचारणारे आहेत, फक्त हळू आवाजात विचारतात, आणि तोवर पंधरा हजारवाले एजंट कोर्टाच्या गेटवर उभे आहेतच.

त्या पोराचा ड्राफ्ट माझ्या कॉम्प्युटरवर अजून तसाच आहे, तारखेची जागा मोकळी. परवा आला होता, मला वाटलं सहीला आला. तर आईच्या श्रावणबाळ योजनेच्या अर्जाला प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं. आई गाडीवर मागं बसलेली, मला नमस्कार केला. पैसे घेतले नाहीत असं लिहिणार होतो पण घेतले, पन्नास रुपये.

आपला,
एक टायपिस्ट वाचक
कसबा बावडा, कोल्हापूर