बाबांचं 'उकडतंय' आणि आईची नजर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दादा उद्या गुहागरला येतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि वजनकाटा पाठवतेय. फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा "मी ठणठणीत" म्हणून फोन आईकडे देतात आणि आईकडे वानरांनी किती शहाळी पाडली याचा हिशेब तयारच असतो. परवा त्या हिशेबातच आई, तू बोलून गेलीस, "हे हल्ली मध्यरात्री उठून पडवीत आरामखुर्चीत बसतात, उकडतं म्हणे." ऑक्टोबर आहे, उकडत असेलच. पण पंख्याखालून उठून बिनपंख्याच्या पडवीत गार वाटतं, हे काही मला पटलेलं नाही.

बाबा, रागावू नका. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर 40 टक्के आकडा आल्यापासून आई सगळ्यांना "ह्यांचं हृदय चाळीसच टक्के उरलंय" असं सांगत सुटली आहे. तसं नसतं. धडधाकट माणसाचं हृदयही एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, 55 ते 70 टक्के टाकतं. तुमचं त्याहून कमी टाकतं, एवढंच. पण त्याचा परिणाम लांबवर जातो. आपल्या आगरातला पंप मंद चालला की टोकाच्या पोफळीपर्यंत पाणी पोचत नाही, तसं किडनीकडे रक्त कमी जातं. किडनीला वाटतं, अंगात पाणीच कमी पडलं. म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. ते पाणी दिवसभर पायांत उतरतं. रात्री आडवं झालं की परत रक्तात येतं, आणि मंद हृदयाला ते पुढे ढकलता आलं नाही की फुफ्फुसात साचतं. माणूस दोनेक तासांनी घुसमटून जागा होतो, उठून बसला की बरं वाटतं. त्याला तो काय म्हणेल? उकडतंय!

आई, तू नेहमी विचारतेस, नर्सिंगच्या पोरींना एवढं डॉक्टरकीचं कशाला शिकवता, इंजेक्शन देता आलं की झालं. अगं, डॉक्टर राउंडला येऊन जातात, खाटेपाशी पूर्ण ड्युटी काढते ती नर्स. काय बिघडलं की काय दिसतं हे तिच्या डोक्यात नसेल, तर समोर घडत असूनही तिला दिसणार नाही. आमच्या पोरी पॅथोफिजिऑलॉजी, म्हणजे आजारात शरीरात काय कसं बिघडतं ते, परीक्षेपुरती घोकतात आणि वॉर्डात आल्या की तक्त्यावर सगळ्यांचा श्वास मिनिटाला 20 लिहून मोकळ्या होतात. मला त्याची भारी चीड आहे. वीस पेशंट आणि सगळे एका तालात श्वास घेतात?

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, एक पेशंट होता. पोटऱ्या दुखत होत्या, डोळे लाल. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन 96 टक्के, म्हणजे वरवर सगळं छान. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने घड्याळ धरून पूर्ण मिनिट श्वास मोजला, 28 भरला. ती मला म्हणाली, "मॅडम, 96 आहे ते हा इतका धापा टाकतोय म्हणून आहे." लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्राव होऊ शकतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने यंत्रावर विसंबून न राहता लगेच डॉक्टरांना बोलावलं. संध्याकाळी त्याला आयसीयूत हलवलं. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका क्रिस्टीन टॅनर यांनी 2006 साली नर्सच्या अशा विचाराच्या चार पायऱ्या मांडल्या: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, मागे वळून तपासणं. पहिलीच चुकली तर पुढच्या तिन्ही बसल्या. आणि आपल्याकडे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी दुसरं काय केलं? विंचवाच्या पेशंटजवळ ठाण मांडून बसले आणि माणसं हृदयावर ताण येऊन, फुफ्फुसात पाणी भरून दगावतात हे ओळखलं. मग रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन वापरून कितीतरी जणांना वाचवलं.

आई, आता तुझं काम. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी बाबांचं वजन घे आणि कालनिर्णयावर त्या तारखेखाली लिही. दिवसात एखादा किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते अंगावरचं मांस नव्हे, पाणी. नडगीवर अंगठा दाबून धर, खळगा राहतो का बघ. बीपीच्या अमलोडिपिननेही पाय सुजतात, पण त्यात सहसा वजन असं झपाट्याने चढत नाही आणि दम लागत नाही. एकच पाय अचानक सुजला, दुखला तर ते प्रकरण वेगळं, त्याच दिवशी दाखवायचं. दम लागू नये म्हणून झोपताना उशा किती लागतात तेही लिही.

खारा बांगडा, लोणचं, पापड बंद. पेजेत वरून मीठ नको. दिवसाचं सगळं मीठ मिळून चहाचा चमचाभरही होता कामा नये. आणि बाबा, चिपळूणला जायचं असलं की एसटीत पंचाईत नको म्हणून तुम्ही लघवीची गोळी चुकवता, हे दादाने सांगितलंय. डॉक्टरांशी बोलले मी. अशा दिवशी परतल्यावर दुपारी घ्या, पण चुकवू नका. सोमवारी त्यांनी तुम्हाला बोलावलंय. पडवीतल्या बैठकीचंही मी त्यांच्या कानावर घातलंय, तेव्हा तिथे "ठणठणीत" चालणार नाही.

त्याआधी बसूनही दम लागला, वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले किंवा गुलाबी फेस आला, तर आधी 108 ला फोन, मला नंतर.

आणि आई, काटा तू वाच, चष्मा लावून. बाबांना वाचू दिलंस तर अर्धा किलो ते आपल्या सोयीने खाली आणतील.

तुमची,
बायो