थरथर थांबली ती नुसत्या रबरामुळे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटारींवरचा लेख वाचला, फोटो तर एक नंबर, पण "तेव्हाची इंजिनं ओबडधोबड होती म्हणून गाड्या थरथरायच्या, मग रबर आलं आणि प्रश्न सुटला" हे वाक्य काही पचलं नाही म्हणून हे लिहितोय.

चार सिलिंडरचं इंजिन स्वभावानेच हलतं, कितीही चांगलं बनवा. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, वाटतं हिशोब जुळला, पण पिस्टनला क्रँकशी (इंजिनच्या फिरणाऱ्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने पिस्टन वरच्या अर्ध्या भागात जरा जास्त वेगाने पळतो आणि क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा वरखाली धक्का उरतोच. त्यात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे ६०० आरपीएमला (मिनिटाला ६०० फेरे) सेकंदाला २० वेळा इंजिन आडवं डुलायला बघतं. आणि पूर्वी हे धूड सरळ चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने आवळलेलं असायचं, मग स्टिअरिंग, सीट, दारं, बसणाऱ्याचे दात, सगळंच वाजणार ना! आठ सिलिंडरची इंजिनं गुळगुळीत चालायची पण ती गाडी परवडणार कोणाला.

१९३१ च्या जुलैत अमेरिकेच्या क्रायसलरने प्लायमाउथ पीए ही गाडी आणली, इंजिन चार सिलिंडरचंच, जोर थोडा वाढवून ५६ हॉर्सपॉवर, पण खरं बदललं ते टांगणं. कुठल्याही वस्तूला स्वतःचा एक अक्ष असतो, तिला त्याच्याभोवती डुलू दिलं तर ती आजूबाजूला त्रास देत नाही. जात्याचा खुंटा बरोबर मधे असेल तर जातं गुमान फिरतं, जरा सरकला की सगळं घर दणदणतं, तसंच हे. त्यांनी पुढचा आधार उंचावर वॉटर पंपाच्या खाली घेतला आणि मागचा खाली गिअरबॉक्सपाशी, दोन्हीत रबर, आणि हे दोन बिंदू जोडणारी तिरपी रेघ बरोबर इंजिनच्या गुरुत्वमध्यातून जाते. आता इंजिन त्या रेघेभोवती मोकळं डुलतं आणि ती थरथर चेसिसपर्यंत फारशी पोचतच नाही. पण मोकळं म्हणजे किती, क्लच सोडला की ते उलटं पडायला बघणार, म्हणून बाजूला एक छोटा पाटा, म्हणजे पट्टीची स्प्रिंग, लावला, तो आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) नरम असतो आणि जोर आला की धरून ठेवतो. मला विचाराल तर खरी हुशारी या पाट्यात आहे, आणि नेमका त्याचाच उल्लेख कोणी करत नाही.

याला नाव दिलं फ्लोटिंग पॉवर, आणि जाहिरात केली की चार सिलिंडरच्या खर्चात आठचा गुळगुळीतपणा. असंही सांगतात की वॉल्टर क्रायसलर स्वतः ही गाडी हेन्री फोर्डला दाखवायला घेऊन गेला, तिथेच सोडली आणि टॅक्सीने परत आला, मानलं पाहिजे! फ्रान्सच्या सित्रोएनने लायसन्स घेऊन १९३२ ला हेच आपल्या गाड्यांत घातलं आणि बिल्ल्यावर पोहणारा हंस काढला.

आपला संबंधही आहे बरं का. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने क्रायसलरशी करार करून आपल्याकडे प्लायमाउथ, डॉज, डिसोटो या गाड्यांची जुळणी केली. आमचे बाबा कुर्ल्याच्या त्या कारखान्यात होते, तिथेच पुढे फिएट आणि मग पद्मिनी झाली. घरी माझी पद्मिनी अजून आहे, मागच्या वर्षी एका गॅरेजवाल्याने फाउंडेशन रबर, म्हणजे इंजिनच्या आधाराचं रबर, म्हणून ट्रकच्या टायरचा कडक तुकडा ठोकला, म्हणाला काका आता जन्मभर बघायला नको. सिग्नलला उभा राहिलो की आरशात मागचा रिक्षावाला एकाचे दोन दिसायचे. रबर होतंच की, पण इंजिनला डुलायला जागाच नव्हती.

तेव्हा पुढच्या रॅलीला तुमच्या फोटोग्राफरला एवढंच सांगा की १९३१ ची प्लायमाउथ दिसली तर चकचकीत ग्रिल राहू दे, मालकाला विनंती करून बॉनेट उघडायला लाव आणि वॉटर पंपाखालचा एक फोटो काढ.

आपला,
एक जुना वाचक, कुर्ला